के. आर. रामनाथन

कल्पाती रामकृष्ण रामनाथन (जन्म : कल्पाती, पालक्काड, २८ फेब्रुवारी १८९३, मृत्यू : ३१ डिसेंबर १९८४) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. विषुववृत्ताच्या वर सुमारे १७ किलोमीटर उंचीवर अतिशीत हवेचा एक चपटा पट्टा पृथ्वीभोवती कड्यासारखा पसरलेला आहे, ही गोष्ट १९२९ मध्ये त्यांनी स्पष्टपणे मांडली. वातावरणातील ओझोनच्या मोजणीतही त्यांचे काम मूलभूत मानले जाते. भारतीय हवामान खात्यात त्यांनी सुमारे तेवीस वर्षे सेवा केली व तिचा मोठा भाग पुणे आणि मुंबई येथे गेला. निवृत्तीनंतर ते अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे (पीआरएल) पहिले संचालक झाले. अंटार्क्टिकावरील ओझोन छिद्राचा शोध त्यांच्या मृत्यूनंतर साडेचार महिन्यांनी प्रसिद्ध झाला. हिमकणांच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या ज्या रासायनिक अभिक्रियांनी त्या छिद्राचा उलगडा झाला, त्यांच्या आकलनासाठी लागणारी पार्श्वभूमी काही अंशी रामनाथन यांनी घडवलेली होती.

पूर्वायुष्य व शिक्षण

रामनाथन यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. पालक्काडच्या व्हिक्टोरिया कॉलेजात प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. १९१४ मध्ये त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेजात प्रयोगनिदर्शक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथील वेधशाळेचे काम पाहताना केरळातील गडगडाटी वादळांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले, आणि आकाशाविषयीची त्यांची जिज्ञासा तेथपासून कायम राहिली.

१९२१ च्या अखेरीस ते कलकत्त्याला चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे संशोधनासाठी गेले. त्यानंतर रंगून येथे अध्यापक म्हणून नोकरी लागली, तरी कलकत्त्याशी संबंध तुटला नाही. १९२३ मध्ये द्रवांतून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा अभ्यास करताना मूळ प्रकाशाहून वेगळ्या रंगाची एक अत्यंत मंद छटा त्यांना आढळली. द्रवातील अशुद्धीमुळे ती दिसत असावी, असा तर्क होता. म्हणून द्रव पुनःपुन्हा शुद्ध करून पाहिला. छटा गेली नाही. तिचा खरा अर्थ पाच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला. तोच रामन परिणाम होय. २८ फेब्रुवारी हा रामनाथन यांचा जन्मदिवस असणे हा केवळ योगायोग आहे, परंतु त्या दिवशी साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमांत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

हवामान खात्यातील कार्य

१९२५ मध्ये रामनाथन भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. त्या वेळी खात्याचे मुख्यालय सिमल्यास होते. १९२८ मध्ये ते पुण्यात आले आणि शिवाजीनगर भागातील त्या दगडी इमारतीला पुणेकर सिमला ऑफिस म्हणू लागले. हे नाव अद्याप चालू आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा व तिला जोडलेली अलिबागची चुंबकीय वेधशाळा यांचे संचालकपदही रामनाथन यांनी सांभाळले. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू होणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदींत विक्षेप येऊ नये, यासाठी ते काम विसाव्या शतकाच्या प्रारंभी अलिबागला हलवण्यात आले होते.

या काळात त्यांनी हाताळलेले विषय अनेक आहेत. नैर्ऋत्य मोसमी वारे व त्यांच्याबरोबर येणारी कमी दाबाची क्षेत्रे यांच्या रचनेवर के. पी. रामकृष्णन यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. रात्री जमिनीलगतची हवा कशी थंड होते, याचा विचार त्यांनी एल. ए. रामदास यांच्याबरोबर केला. १९३५ च्या बलुचिस्तानातील भूकंपाचाही अभ्यास त्यांच्या नावावर आहे. मात्र या सर्वांहून दूरगामी ठरले ते उंचावरील हवेच्या तापमानाचे काम.

उच्च वातावरणातील थंडी

त्या काळी उंचावरील हवेचे तापमान मोजण्याचा मार्ग कष्टाचा होता. हायड्रोजन भरलेल्या रबरी फुग्याला हलके स्वयंनोंदी उपकरण बांधून तो सोडत. फुगा वर जाई, हवा विरळ होत गेली की फुगत जाई व शेवटी फुटे. उपकरण कोठेतरी शेतात किंवा रानात पडे. सापडलेले उपकरण कोणी परत आणून दिले तरच त्यावरील नोंद वाचता येई, म्हणून आणून देणाऱ्यास बक्षीस देण्याची प्रथा होती. पावसाळ्यात दख्खनवर फार उंचावर पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात. अशा वेळी पुण्याहून सुटलेला फुगा कोकण ओलांडून समुद्राकडे जाण्याचा संभव असतो. एकेका नोंदीचे मोल यावरून ध्यानात यावे. आग्र्याच्या उच्च वातावरण वेधशाळेतील आणि नंतर पुणे व हैदराबाद येथील अशा उड्डाणांच्या नोंदींचे विवेचन रामनाथन यांनी खात्याच्या प्रबंधमालेत सविस्तर केले.

जमिनीपासून वर जावे तसे तापमान उतरत जाते, हे घाट चढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. ही उतरण एका ठरावीक उंचीवर थांबते. या सीमेस तपस्तब्धी म्हणतात. तिच्या खालचा ढगपावसाचा थर तपांबर आणि वरचा स्थिर थर स्थितांबर होय. ध्रुवांकडे ही सीमा आठ-नऊ किलोमीटरवर असते. विषुववृत्तावर ती १६ ते १७ किलोमीटरपर्यंत वर चढते. उतरण अधिक उंचीपर्यंत चालू राहिल्याने तेथील हवा ध्रुवांवरच्या त्याच उंचीच्या हवेपेक्षाही पुष्कळदा थंड असते. उष्ण कटिबंधातील काही ठिकाणी असे कमी तापमान पूर्वी नोंदले गेले होते. जावा बेटावरील बटाविया (आजचे जकार्ता) येथील नोंदी त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. रामनाथन यांनी भारतातील व इतर देशांतील विखुरलेल्या नोंदी एकत्र आणल्या आणि उत्तर गोलार्धातील तापमानाचे सुमारे २५ किलोमीटर उंचीपर्यंतचे चित्र तयार केले. ते १९२९ मध्ये नेचर या इंग्रजी साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या सर्वांत उष्ण भागाच्या डोक्यावर उणे ८० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही थंड हवेचे कडे आहे, हे या चित्रात एका दृष्टिक्षेपात दिसे. हवामानशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती आकृती पुढे अनेक वर्षे छापली जात होती.

या थंडीचे महत्त्व वीस वर्षांनी वेगळ्या बाजूने पुढे आले. इंग्लंडमध्ये ॲलन ब्रुअर यांनी विमानांतून केलेल्या मोजणीत स्थितांबरातील हवा विलक्षण कोरडी आढळली. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरील हवेच्या दर दहा लाख रेणूंत पाण्याच्या वाफेचे सुमारे ३० हजार रेणू असतात. स्थितांबरात ही संख्या चार-पाचवर येते. ब्रुअर यांनी १९४९ मध्ये असा निष्कर्ष काढला की स्थितांबरातील हवा मुख्यत्वे विषुववृत्ताजवळूनच वर शिरत असली पाहिजे, कारण वाफ इतकी गोठवून टाकील अशी थंडी फक्त तेथील तपस्तब्धीजवळ आहे. वर जाणाऱ्या हवेतील वाफेचे त्या थंड कड्यात हिमकण होतात, ते खाली पडतात व हवा कोरडी होऊन पुढे जाते. रामनाथन यांनी रेखाटलेले कडे हे अशा रीतीने साऱ्या स्थितांबराचे पाणी ठरवणारे दार निघाले.

ओझोनची मोजणी

ओझोन हा ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू. सूर्याच्या घातक अतिनील किरणांचा मोठा भाग स्थितांबरातील ओझोन शोषून घेतो. ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉबसन यांनी अतिनील प्रकाशाच्या दोन तरंगलांबींची तुलना करून डोक्यावरील एकूण ओझोन मोजणारे उपकरण तयार केले. एका तरंगलांबीचा प्रकाश ओझोनमध्ये अधिक शोषला जातो, दुसरीचा कमी. दोहोंच्या गुणोत्तरावरून ओझोन कळतो. भारतात मात्र एक वेगळीच अडचण होती. उन्हाळ्यातील धूळ आणि धुरकट हवा यांचाही प्रकाशावर परिणाम होतो आणि मोजणी फसते. १९४९ मध्ये रामनाथन व आर. व्ही. करंदीकर यांनी या दोषाचे विश्लेषण केले व तरंगलांबींची एक जोडी न वापरता दोन जोड्या वापरल्यास धुळीचा परिणाम बव्हंशी वजा होतो, हे दाखवले. दोन जोड्या वापरण्याची रीत आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षापासून (१९५७-५८) जगभर प्रमाण मानली गेली. विषय रूक्ष वाटला तरी पुढील इतिहास पाहता करंदीकर आणि रामनाथन यांचा हा लेख अधिक परिचित व्हायला हवा होता.

फेब्रुवारी १९४८ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी रामनाथन सरकारी सेवेतून निवृत्त झाले. नोव्हेंबर १९४७ मध्ये विक्रम साराभाई यांनी अहमदाबादेत स्थापलेल्या पीआरएलचे संचालकपद त्यांनी लगेच स्वीकारले आणि १९६६ पर्यंत सांभाळले. साराभाईंचा विषय विश्वकिरणांचा. रामनाथन यांच्यामुळे वातावरणविज्ञान ही संस्थेची दुसरी शाखा झाली. ओझोनविषयीचे त्यांचे बहुतेक काम या दुसऱ्या डावातले आहे. त्या काळच्या सरकारी नियमाने ज्या वयात माणूस निरुपयोगी ठरे, त्या वयानंतरची ही कारकीर्द पहिलीपेक्षा लांब निघाली.

अहमदाबाद व माउंट अबू येथे ओझोनच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एकूण ओझोन किती हे कळले, तरी तो कोणत्या उंचीवर किती आहे हे कळत नसे. सूर्य मावळतीला जाताना माथ्यावरील आकाशातून येणाऱ्या दोन तरंगलांबींचे गुणोत्तर कमी होत जाते आणि सूर्य क्षितिजाजवळ आला की अचानक उलट फिरते. हा उमकेर परिणाम (जर्मन भाषेत उलट फिरणे) पॉल ग्योट्झ यांना स्पिट्झबर्गन येथे आढळला होता. त्या वळणाच्या आकारात ओझोनच्या उंचीची माहिती दडलेली असते. ती काढण्याची गणनपद्धत रामनाथन व जे. व्ही. दवे यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. संगणकांचा प्रसार होण्यापूर्वी जमिनीवर बसून, फुगा न सोडता ओझोनचा उभा छेद मिळवण्याचा हा मार्ग अनेक वेधशाळांनी अनुसरला.

विषुववृत्तावरील स्थितांबरात वाऱ्यांची दिशा साधारण सव्वादोन वर्षांच्या चक्राने पालटते, हे १९६० च्या सुमारास उघड झाले. उष्ण कटिबंधातील ओझोनही जवळपास त्याच चालीने कमी-अधिक होतो, असे रामनाथन यांनी १९६३ मध्ये दाखवले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. ओझोनच्या नोंदीत माणसामुळे झालेली घट शोधायची, तर अशी नैसर्गिक चढउतार आधी वजा करावी लागते. म्हणून या निष्कर्षाचा उपयोग आजही होतो.

मृत्यूनंतर : हिमकण आणि ओझोन छिद्र

थंडीचे कडे आणि ओझोनची मोजणी हे रामनाथन यांच्या कार्याचे दोन धागे त्यांच्या हयातीत बव्हंशी वेगळे राहिले. ३१ डिसेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. १६ मे १९८५ रोजी जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा लेख नेचरमध्ये आला. अंटार्क्टिकावरील हॅली बे येथे भूभौतिकी वर्षापासून डॉबसन उपकरणाने चाललेल्या नोंदींवर तो आधारलेला होता. ऑक्टोबर महिन्यात तेथे पूर्वी सुमारे ३०० डॉबसन एकक ओझोन असे. १९८४ पर्यंत तो २०० च्याही खाली आला होता. महाराष्ट्रावर साधारणपणे २५० ते २८० एकक ओझोन असतो, हे ध्यानात घेतल्यास घसरणीचा अंदाज येतो.

शीतकपाटे व फवारे यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंतील क्लोरीन ओझोन नष्ट करतो, हे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्येच सांगितले होते. परंतु त्या रसायनशास्त्रानुसार नाश फार उंचावर आणि हळूहळू व्हायला हवा होता. अंटार्क्टिकावर तो खालच्या स्थितांबरात, काही आठवड्यांत होत होता. शिवाय मुक्त झालेला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन संयुगांत अडकून निरुपद्रवी होतो. हे दोन वायू हवेत एकमेकांना भेटले तरी त्यांच्यात अभिक्रिया जवळजवळ होत नाही.

सुझन सॉलोमन, रोलंड व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये सुचवले की ही अभिक्रिया ढगांतील कणांच्या पृष्ठभागावर होत असावी. अंटार्क्टिकाच्या दीर्घ रात्रीत तेथील हवा एका प्रचंड भोवऱ्यात कोंडली जाते व बाहेरची उबदार हवा आत येत नाही. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेले की नायट्रिक आम्ल व पाणी यांचे घन कण बनू लागतात. आणखी सात-आठ अंश उतरल्यावर निव्वळ पाण्याचे हिमकण बनतात. स्थितांबर इतके कोरडे असल्यामुळेच ढग होण्यास एवढी थंडी लागते, आणि तो कोरडेपणा विषुववृत्तावरच्या कड्याने ठरवलेला असतो.

हायड्रोजन क्लोराइडचे रेणू हिमकणाला चिकटतात. त्यावर क्लोरीन नायट्रेटचा रेणू येऊन आदळला की दोघांच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो आणि नायट्रिक आम्ल बर्फात राहते. मोलिना यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये बर्फाच्या पृष्ठभागावर ही अभिक्रिया झपाट्याने होताना पाहिली. नुकसान दुहेरी असते. एक तर बंदिस्त क्लोरीन मोकळा होतो. दुसरे म्हणजे त्याला पुन्हा बांधून ठेवू शकणारी नायट्रोजनची संयुगे बर्फात अडकतात, आणि कण मोठे झाले तर त्यांच्याबरोबर खाली उतरतात. सप्टेंबरात सूर्य क्षितिजावर आला की साठलेल्या क्लोरीनचे रेणू उन्हाने फुटतात व ओझोनचा संहार सुरू होतो. क्लोरीनचा अणू स्वतः संपत नाही. तो पुनःपुन्हा त्याच कामाला लागतो. १९८६ व १९८७ च्या मोहिमांत अंटार्क्टिकावर क्लोरीन मोनॉक्साइडचे मोठे प्रमाण मोजले गेल्यावर शंका उरली नाही. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला.

येथे एक प्रश्न साहजिक आहे. विषुववृत्तावरची हवा अंटार्क्टिकाइतकीच थंड, हिमकण तेथेही आहेत. मग भारतावर ओझोन छिद्र का नाही? केवळ थंडी पुरत नाही. उष्ण कटिबंधातील थंडी १७ किलोमीटरच्या आसपासच्या पातळ थरात असते, आणि ओझोनचा मुख्य साठा तिच्या बराच वर, २५ किलोमीटरच्या सुमारास असतो. त्या थंड थरातील हवा नुकतीच खालून आलेली असते, त्यामुळे तिच्यातील क्लोरोफ्लुरोकार्बन वायू अद्याप फुटलेले नसतात व मोकळा होण्यासारखा क्लोरीन फारसा नसतो. हवा कोंडून ठेवणारा भोवराही येथे नाही. उष्ण कटिबंधातील ओझोनचा उभा छेद कसा असतो हे समजण्यासाठी रामनाथन व दवे यांच्या पद्धतीने केलेली मोजणी उपयोगी पडली होती.

भारतीय बनावटीचे ओझोन मोजणारे फुग्यावरील उपकरण पुण्याच्या हवामान खात्यात, अण्णा मणी यांच्या देखरेखीखालील उपकरण विभागात १९६० च्या दशकात विकसित झाले. पुढे ते अंटार्क्टिकातील मैत्री या भारतीय केंद्रावरून सोडण्यात येऊ लागले. ऑक्टोबरातील त्याच्या नोंदींत साधारण १४ ते २० किलोमीटरच्या दरम्यान ओझोन जवळजवळ नाहीसा झालेला दिसतो. हिमकणांचे ढग याच उंचीवर असतात.

सन्मान व स्मृती

रामनाथन आंतरराष्ट्रीय हवामानशास्त्र संघटनेचे (१९५१-५४) आणि आंतरराष्ट्रीय भूगणित व भूभौतिकी संघाचे (१९५४-५७) अध्यक्ष होते. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. जागतिक हवामान संघटनेचा आयएमओ पुरस्कार त्यांना १९६१ मध्ये मिळाला. भारत सरकारने १९६५ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे आर्यभट पदकही त्यांना मिळाले. पीआरएलच्या सभागृहास त्यांचे नाव दिले आहे, आणि अकादमी त्यांच्या नावाचे एक पदक देते.